व्हर्सायच्या तहावर भारताची सही होती, पण ती केली कोणी?

गेला आठवडाभर एक मेसेज फिरतोय. परवा दादाने तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि काल भाचीच्या वक्तृत्वाच्या वहीत त्यातली चार वाक्यं जशीच्या तशी उतरलेली दिसली, जांभळ्या पेनाने अधोरेखित केलेली. "मामा, एवढं बघून दे ना," म्हणाली. बघितलं, आणि राहवेना.

मेसेज म्हणतो: पहिल्या महायुद्धानंतर २८ जून १९१९ रोजी व्हर्सायचा तह झाला, त्याचं सगळ्या जगाने स्वागत केलं, संतापला तो एकटा जर्मनी. अमेरिका, इटली, चीन, जपान सगळ्यांनी आनंदाने सह्या केल्या. भारतानेही स्वतंत्र राष्ट्र म्हणून सही केली आणि देशभर विजयोत्सव झाला.

जर्मनी संतापला हे खरंच. सही करायची नाही म्हणून पंतप्रधान शायडेमान यांनी राजीनामा दिला होता. पण "एकटा"? अमेरिकेच्या अध्यक्षांनी, विल्सन यांनी, सही केली खरी, पण त्यांच्याच सिनेटने तह दोनदा फेटाळला, नोव्हेंबर १९१९ आणि मार्च १९२०मध्ये. अमेरिकेने १९२१मध्ये जर्मनीशी वेगळा तह केला. इटलीचे पंतप्रधान ओर्लांदो फ्यूमे शहराच्या वादावरून एप्रिलमध्ये, तह जिथे ठरत होता ती पॅरिसची शांतता परिषद सोडून निघून गेले होते. जपानला चीनच्या शांटुंग प्रांतातले जर्मनीचे हक्क मिळाले, पण वंशसमानतेचा त्याचा ठराव १७ पैकी ११ मतं मिळूनही विल्सन यांनी एकमत नाही म्हणून बाजूला ठेवला. हे आनंदाचं चित्र आहे का?

चीनबद्दलचं वाक्य तर सरळ खोटं आहे. चीनने सही केलीच नाही. तहाच्या प्रस्तावनेत सामील राष्ट्रांच्या यादीत चीनचं नाव छापलेलं आहे, बहुधा तिथेच कोणाची तरी फसगत झाली असावी. पण सह्यांच्या दिवशी चीनचे प्रतिनिधी सभागृहात गेलेच नाहीत. चीन मित्रराष्ट्रांच्या बाजूने होता, त्याचे सुमारे १,४०,००० मजूर फ्रान्समध्ये राबले होते. एवढं करून जर्मनीच्या ताब्यातला शांटुंगमधला मुलूख आणि तिथले हक्क परत चीनला न देता जपानच्या पदरात टाकले. ही बातमी पोचली आणि ४ मे रोजी पेकिंगमध्ये सुमारे ३,००० विद्यार्थी तिआनआनमेनसमोर जमले. जपानधार्जिणा समजल्या जाणाऱ्या मंत्र्याचं घर त्यांनी पेटवलं. आधुनिक चीनच्या राजकारणाला वळण देणारी 'चार मे'ची चळवळ ती हीच. तिला "आनंदाने सही" म्हणायचं?

आता भारत. इथे मला खरा राग येतो. तहावर भारताची सही आहे, भारत राष्ट्रसंघाचा (लीग ऑफ नेशन्सचा) संस्थापक सदस्यही झाला, हे मान्य. पण तहाची मूळ संहिता उघडून बघा, नेटवर सहज मिळते. भारताचं नाव ब्रिटिश सम्राटाच्या नावाखाली, कॅनडा-ऑस्ट्रेलियाच्या रांगेत येतं. भारतातर्फे नावं दोन: ब्रिटिश सरकारचे भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराज गंगासिंह. दोघांपैकी एकालाही भारतीय जनतेने निवडलं नव्हतं.

आणि काँग्रेसने ज्यांना निवडलं होतं त्यांचं काय झालं? डिसेंबर १९१८च्या दिल्ली अधिवेशनाने शांतता परिषदेसाठी टिळक, गांधी आणि हसन इमाम यांची नावं ठरवली. टिळक त्या वेळी ब्रिटिश पत्रकार चिरोल यांच्यावर भरलेल्या बदनामीच्या खटल्यासाठी लंडनमध्येच होते, पॅरिस तिथून हाकेच्या अंतरावर. त्यांना पॅरिसला जायचा परवाना मिळाला नाही. मग त्यांनी मार्चमध्ये परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांना पत्र लिहून भारतासाठी स्वयंनिर्णय मागितला. टिळकांचा फोटो भिंतीवर लावणाऱ्या आपल्या घरात हे ठाऊक नसावं?

१३ एप्रिलला जालियनवाला बाग झाली. सह्या झाल्या तेव्हा त्याला अडीच महिनेही उलटले नव्हते. डिसेंबरात सरकारने शांतता-उत्सव ठेवले, पण त्याआधीच नोव्हेंबरमध्ये दिल्लीत गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या खिलाफत परिषदेने त्यांवर बहिष्कार टाकला होता. मेसेजमधला "देशभर विजयोत्सव" तो हा.

दादा, तो मेसेज ग्रुपवरून काढ आणि ज्यांना पुढे पाठवलास त्यांनाही कळव. पोरीची स्पर्धा शनिवारी आहे.