सैन्य एकत्र, पण हुकूम कुणाचा?

युरोपनं आता स्वतःची एकत्र फौज उभारावी, असं आमच्या बेळगावच्या ग्रुपवर बरेच जण ठासून लिहितायत. पैसा आहे, कारखाने आहेत, मग घोडं अडलंय कुठं?

आपल्या मराठा सेंटरमधली, म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या इथल्या प्रशिक्षण केंद्रातली, कसम परेड आठवा. पोरगं शपथ घेतं, आई-बापाच्या छातीवर गौरव पदक लागतं. ती शपथ एकाच तिरंग्यापुढं असते. तिकडं युरोपियन युनियनमध्ये देश सत्तावीस, झेंडेही सत्तावीस. त्यातल्या कुणाच्या हुकमानं पोरगं मरायला जाणार?

१९५२ साली फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली आणि बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग यांनी एकत्र सैन्याच्या करारावर सह्या केल्या. कल्पना फ्रान्सची, आणि ऑगस्ट १९५४ मध्ये ती बुडवली फ्रान्सच्याच संसदेनं. मला त्यात भेकडपणा दिसत नाही. आपल्या लेकरांच्या जिवाचा निर्णय परक्या हाती द्यायचा नाही, एवढंच ते म्हणत होते.

आपली मराठा लाइट इन्फन्ट्री १९४४-४५ ला इटलीत लढली. सोबत ब्रिटिश, पोलिश, कॅनडाचे, न्यूझीलंडचे सैनिक. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं ते तिथंच. पण आपल्याला लढाईत उतरवायचा निर्णय इंग्रज सरकारचा होता, आपल्या माणसांना कुणी विचारलंच नव्हतं. स्वतंत्र देशांची फौज अशी चालवता येत नाही.

म्हणूनच युरोपियन युनियनचे बॅटलग्रुप बघा. २००७ पासून साधारण दीड हजार जवानांच्या तुकड्या पाळीपाळीनं सज्ज असतात, पण आजवर एकही मोहिमेवर गेलेली नाही. पाठवायचं तर सगळ्यांचं एकमत लागतं, आणि बहुतेक खर्च ज्यांची पाळी त्यांच्याच माथी. आपल्या पाळीत काही घडू नये, असंच मग प्रत्येकाला वाटणार ना! त्यात पोलंडला रशिया दाराशी दिसतो, इटलीचं लक्ष भूमध्य समुद्राकडं, आणि ऑस्ट्रिया, आयर्लंड तर तटस्थच.

दारूगोळ्याचंही तेच. मार्च २०२३ मध्ये युक्रेनला वर्षभरात दहा लाख तोफगोळे द्यायचं ठरलं. मुदत संपली तेव्हा जेमतेम निम्मे पोचले होते.

तरी एकत्र यायचा नाद त्यांनी सोडू नये, असं मला मनापासून वाटतं. २०२५ मध्ये एकत्रित शस्त्रखरेदीसाठी दीडशे अब्ज युरोंची कर्जयोजना मंजूर झाली, ती वाट बरोबर आहे. आधी गोळे, सुटे भाग, दुरुस्ती एकत्र करा. बॅटलग्रुपचा खर्च सामायिक तिजोरीतून द्या. पोरांना पाठवायचा निर्णय मात्र ज्याच्या-त्याच्या संसदेकडंच राहू दे.