सांबारवडीची तिजोरी

परवा सकाळी पुण्याचं एसीचं तत्काळ काढायला बसलो. ते दहाला उघडतं, आणि चहा कपात ओतेपर्यंत वेटिंग लागतं. रेल्वेचा पासवर्ड आदल्या रात्रीच लॅपटॉपवर बदलला होता. नऊ बावन्नला कूलरवाल्यानं पंप बदलायला मेन स्विच पाडला. माझ्या लॅपटॉपची बॅटरी चार्जर निघाला की मान टाकते.

फोन होता. माझे सगळे पासवर्ड कीपास नावाच्या, पासवर्ड सांभाळणाऱ्या ॲपच्या एका कुलूपबंद फाइलीत असतात. कीपासला स्वतःचं क्लाउड नाही. फाइल आपणच दुसऱ्या कुठल्यातरी क्लाउडच्या फोल्डरात ठेवायची आणि ती लॅपटॉपवरून फोनवर पोचते असं मानायचं.

शेजारचे काका शिडी मागायला आले होते. शिडीवर कूलरवाला होता, म्हणून ते माझ्या खांद्यामागे येऊन थांबले.

"पासवर्ड ठेवायले पासवर्ड? मंग तो कुठी ठेवतो?"

"डोक्यात."

"मंग बाकीचे काहून नाही ठेवत तिथंच?"

नागपूरचा मे महिना, पंखा बंद, बोट घामानं ओलं. फोन ठसा घेईना. मुख्य पासवर्ड टाइप केला, चुकला. पुन्हा चुकला. शेवटी काय टाकतोय ते दिसावं म्हणून डोळ्याचं चिन्ह दाबलं, आणि काका चष्मा वर करून मोठ्यानं वाचू लागले.

"एस, ए, एम... सांबारवडी! अरे वा!"

(बाहेरगावच्यांसाठी: आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर.) पुढचे तीन शब्दही त्यांनी वाचले. ते सांगत नाही, गल्लीला माहीत आहेतच.

खिडकीतून कूलरवाला म्हणाला, "साहेब, ॲट द रेट लावा. लागतेच."

तिजोरी उघडली. आत रेल्वेचा जुनाच पासवर्ड. नऊ अठ्ठावन्न. काका म्हणाले, शेवटी एक-दोन-तीन लावून पाहा. मी पाहिलं, वर तेच सेव्हही केलं. कशासाठी केलं, अजून कळलेलं नाही. दहा वाजून तीन मिनिटांनी वेटिंग एकवीस.

"बसनं जा ना," काका म्हणाले आणि शिडी न घेताच गेले.

दुपारी लाइट आल्यावर फोल्डरात एकाच्या दोन फायली, दुसरीच्या नावात 'कॉन्फ्लिक्टेड कॉपी'. क्लाउडला आतलं दिसत नाही. त्याच्या लेखी फाइल म्हणजे कुलूप लावलेली पेटी, दोन्हीकडून बदलली की तो दोन पेट्या ठेवून मोकळा. दोन्ही फायली मर्ज करताना माझा एक तास गेला. आणि मुळात फोनवर काही पोचलंच नव्हतं, कारण बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली फोननं सिंकचं, म्हणजे फाइल इकडून तिकडे नेणारं ॲप झोपवलं होतं. मला न विचारता! दिवसभर रील चालतात तेव्हा बॅटरी आठवत नाही. हे असं होतं ते कुठल्या सेटिंगच्या पोटात लिहिलेलं असतं, ते शोधायला आणखी अर्धा तास. पैसे मात्र महिन्याच्या पहिल्या तारखेला न चुकता सिंक होतात.

रात्री लॅपटॉपवर मुख्य पासवर्डही बदलला.

काल कूलरवाला उरलेले पैसे घ्यायला आला. नोटा मोजता मोजता विचारतो, "साहेब, ते सांबारवडीवालं उघडलं का मंग?"

उघडतं. लॅपटॉपवर नाही. फोनवर अजून जुनीच फाइल आहे, ती सांबारवडीनंच उघडते.