‘मी विसरले’ म्हटल्यानं मराठी बुडत नाही

ताई सातवीला मराठी शिकवते. काल तिनं एक फॉरवर्ड पाठवला, खाली एवढंच: ‘खरंय का गं?’ त्यांच्या स्टाफरूमच्या ग्रुपवर तो तीनदा फिरलाय म्हणे. मजकूर असा: सर्वनामांचं फॅड, म्हणजे ज्याला त्याला हवं तसं ‘तो’ किंवा ‘ती’ म्हणणं, परदेशी, मराठीत त्याला जागा नाही; शाळेची पुस्तकं काढणाऱ्या केंद्रीय संस्थेनं, एनसीईआरटीनं, ते सक्तीचं केलंय; चुकून ‘तो’ म्हटलं तर शिक्षक तुरुंगात; आणि मुलगा ‘मी जाते’ म्हणाला तर वर्गासमोर दुरुस्त करा, पोरं हसली की येतो वळणावर.

एनसीईआरटीचं आधी उरकते. तृतीयपंथी मुलांना शाळेत सामावून घेण्याबद्दल शिक्षकांसाठी २०२१ मध्ये एक पुस्तिका आली होती. राष्ट्रीय बालहक्क आयोगानं आक्षेप घेतला आणि काही दिवसांत ती संकेतस्थळावरून गायब. सक्ती सोडा, ती टिकलीसुद्धा नाही.

मराठीत जागा नाही? ‘मी’ आणि ‘तू’ला लिंग नसतं, इतपत मान्य. पण लिहिणाऱ्यानं क्रियापदाकडे बघितलेलंच नाही. वही घरी ‘विसरलो’ की ‘विसरले’, हे ठरवल्याशिवाय आपल्या पोरांना साधी चूकही कबूल करता येत नाही. हा प्रश्न परदेशातून कशाला यायला हवा? आणि कोल्हापुरात बायका सर्रास ‘मी आलो’ म्हणतात, तेव्हा भाषा बुडाल्याचं कुणी कळवलेलं नाही.

तुरुंगाचं थोडं खरं आहे, नाइलाजानं सांगते. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांसाठीच्या २०१९ च्या कायद्यात कलम १८ खाली शाब्दिक आणि भावनिक छळालाही सहा महिने ते दोन वर्षं कैद आहे. पण जीभ घसरणं म्हणजे छळ नव्हे. पोराला वर्गासमोर उभं करून हसं करणं मात्र त्या कलमाच्या फार जवळ जातं, म्हणजे तुरुंगाची भीती घालणाराच तिकडची वाट दाखवतोय!

हसण्यानं पोरं वळणावर येतात म्हणे. २०११ च्या जनगणनेत लिंगाच्या रकान्यात ‘इतर’ नोंदवलेल्यांपैकी साक्षर सुमारे ५६ टक्के, देशाची सरासरी ७३. मग ही सतरा टक्क्यांची तूट कुठल्या वळणावर झाली? आपली लिंगओळख ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला, हे सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४ ला राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘नालसा’च्या खटल्यात सांगून टाकलंय. त्यावर सातवीच्या वर्गात मतदान घ्यायचं नसतं.

हे सगळं ताईला लिहिलं. तिचं उत्तर: ‘मग मी त्याला... काय म्हणू?’

म्हणजे आहे कुणीतरी.

एकट्यात त्या पोरालाच विचार, म्हटलं. तोवर सगळ्या वर्गालाच अहो-जाहो कर. ‘तुम्ही उशिरा आलात’मध्ये लिंग दिसत नाही, आणि पोरांना मान दिला म्हणून अजून कुठल्या बाईंना अटक झालेली नाही.