दर्ग्यात जाणं हराम? ‘एकमता’चा खुलासा

मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या उरुसाच्या तोंडावर मेसेज फिरतोय: ‘दर्ग्यात जाणं हराम, यावर सगळ्या उलेमांचं (धर्मपंडितांचं) एकमत आहे.’ एकमत अजिबात नाही. कबरींना भेट द्या, त्यानं आखिरतची (मृत्यूनंतरच्या जीवनाची) आठवण होते, हे हदीसमध्येच, म्हणजे पैगंबरांच्या वचनांतच आहे.

खरा वाद मागण्याचा. ‘या वलीच्या (संताच्या) वसिल्यानं (माध्यमातून), अल्लाह, दुआ कबूल कर’ असं म्हणणं बरेलवींना, म्हणजे दर्गे मानणाऱ्या सुन्नी पंथाला मान्य; देणारा अल्लाहच, वली नुसते मध्यस्थ, असं ते सांगतात. सलफी आणि अहले हदीस हे कडक सुन्नी पंथ मात्र असा वसिला नाकारतात. थेट मृताकडेच मूल किंवा नोकरी मागणं तर त्यांच्या लेखी शिर्क, म्हणजे अल्लाहच्या जोडीला दुसऱ्याला बसवणं. जुने धर्मपंडित इब्न तैमिया (मृत्यू १३२८) याच मताचे. कबरीला सजदा (जमिनीवर माथा टेकणं) मात्र बरेलवींचे अहमद रझा खान यांनीही हराम ठरवलाय. (मीरासाहेबांच्या दर्ग्यात हे कितीजणांना ठाऊक असेल, कोण जाणे!)