भुताची कादंबरी लिहायचीय? आधी सरकारी नोकरी बघा

भुताखेतांवर लिहून नाव काढायचं असेल तर ब्रॅम स्टोकरचा कित्ता गिरवा, हो तोच, ड्रॅक्युलावाला. लहानपणी सातेक वर्षं अंथरुणाला खिळून राहायचं, आजार कुठला ते कोणाला कळता कामा नये. ती वेळ गेली असेल तर थेट सरकारी नोकरी धरा, नाहीतरी घरचे "जागा निघाली का रे" म्हणून मिनिस्टरच्या दारात पाठवतच असतील. हा बाबा डब्लिनला सरकारी कारकून होता आणि १८७९ साली त्याचं पहिलं पुस्तक आलं ते खालच्या कोर्टातल्या कारकुनांच्या कर्तव्यांवर. यापेक्षा भयानक त्याने पुढे काही लिहिलं असं मला तरी वाटत नाही.

संध्याकाळी नाटकांची परीक्षणं लिहायची, फुकट. हे तुम्हाला जमेल, जत्रेतल्या नाटकावर लिहायला इथे तरी कोण पैसे देतो. मग एखादा मोठा नट गाठा आणि त्याच्या थिएटरचे मॅनेजर व्हा. स्टोकरने लंडनच्या लायसियममध्ये हेन्री अर्विंगसाठी २७ वर्षं हेच केलं, हिशोब, दौरे, साहेबांची पत्रं, रुसवेफुगवे, आणि कादंबरी काय ती उरल्या वेळात.

जागा बघायला वगैरे जाऊ नका हं. तो ड्रॅक्युलाच्या ट्रान्सिल्व्हेनियाला कधी गेलाच नाही, १८९० च्या सुट्टीत इंग्लंडातल्या व्हिटबीच्या लायब्ररीत एका पुस्तकात ड्रॅक्युला हे नाव मिळालं, झालं. तुम्हीही गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या रानातला देवचार, म्हणजे आपलं राखणदार भूत, पणजीच्या सेंट्रल लायब्ररीत एसीखाली बसून लिहा, त्याची काठी, खांद्यावरचं कांबळं, त्याला लागणारी विडी आणि सुरो म्हणजे दारू, सगळं तिथेच सापडतं, उगाच जळवा कशाला लावून घ्यायच्या.

१८९७ मध्ये पुस्तक येण्याच्या आठ दिवस आधी नाटकाचे हक्क शाबूत राहावेत म्हणून त्याने थिएटरात त्याचं वाचन ठेवलं, चांगलं चार तासांवर, आणि साहेब म्हणे एका शब्दात बोलले, "भयंकर!" कौतुक समजून घ्यायचं.

पैशाची काळजी नको, मिळणारच नाहीत. पक्षाघातानंतर १९११ मध्ये लेखकांच्या मदतफंडाकडे अर्ज करून त्याला १०० पौंड मिळाले, पुढच्या वर्षी गेला. १९२२ मध्ये जर्मनांनी न विचारता त्याच्या कथेवर सिनेमा काढला, त्याची बायको फ्लोरेन्स कोर्टात भांडत राहिली, शेवटी प्रिंट जाळायचा हुकूम निघाला पण काही वाचल्याच. तेव्हा लिहायला बसण्याआधी लग्न जमवा, आणि मुलगी बघताना पत्रिकेआधी तिला कोर्टाच्या तारखा झेपतील का ते विचारा.