न फाडलेली पावती

विसर्जनानंतरचा दुसरा रविवार म्हणजे आमच्या ओट्यावर गणेश मंडळाच्या हिशेबाचा दिवस. बडोद्यात आम्ही कट्ट्याला ओटा म्हणतो, शेजारचे गुजराती ओटलो म्हणतात, बसणारी माणसं तीच. दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्याचा हा ओटा. आत आता कोणी राहत नाही, त्यामुळे उठा म्हणणारंही कोणी नाही. बंडूभाईंनी वही मांडीवर घेतली, चष्मा कपाळावर चढवला आणि निकाल वाचून दाखवला: मांडव, मूर्ती, बँड आणि नवलखीच्या कृत्रिम तलावापर्यंतचा टेम्पो वजा जाता शिल्लक 42,600 रुपये.

"तर नेहमीप्रमाणे," बंडूभाई म्हणाले, "जूनमध्ये वह्यावाटप. प्रत्येक मुलाला बारा वह्या, एक कंपास. स्टेजवर कार्यक्रम, पाहुणे मी बघतो."

नेहमीप्रमाणे म्हटलं की विषय संपायला हवा होता. पण नीताताई आल्या होत्या. त्या अंगणवाडीत काम करतात. घरी जाताना स्कूटर ओट्याला टेकवून अर्धा कप चहा घेतात आणि पूर्ण कपाचं भांडण करून जातात.

"तुमच्या बारा वह्या यंदा एका घरातून परत आल्या, ठाऊक आहे?"

"परत? वह्या कोण परत करतं?"

"आपल्या गल्लीत तीन घरी भांडी घासते ना, ती बेन. तिच्या मुलाच्या नावाचा संच माझ्याकडे देऊन गेली. म्हणाली, दुसऱ्या कोणाला द्या."

या बेनला आम्ही सगळे ओळखतो. गेली दहा-बारा वर्षं ती नदीपलीकडच्या वस्तीतून चालत येते. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री धोक्याची 26 फुटांची पातळी ओलांडून कुठच्या कुठे गेली, तेव्हा तिच्या खोलीत छातीइतकं पाणी होतं. आमच्या मंडळाने तेव्हा किट वाटली: पीठ, तांदूळ, तेल, मेणबत्त्या. चिखलात उभं राहून, किट घेताना आणि देताना, फोटो काढले. त्यातला तिचा फोटो दहाच दिवसांनी गणपतीच्या बॅनरवर, बाप्पाच्या डाव्या हाताला झळकला. पुढे अकरा दिवस ती रोज त्याच बॅनरखालून भांडी घासायला जात होती. हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

"फोटोचा राग धरला असेल," मी म्हणालो.

"फोटोचा आहेच," नीताताई म्हणाल्या, "पण गोष्ट वेगळी आहे. तिच्या मुलाचा आरटीईत नंबर लागला होता."

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं, म्हणजे आरटीईनं, विनाअनुदानित खासगी शाळांनी प्रवेशाच्या वर्गात 25 टक्के जागा दुर्बल आणि वंचित घरांतल्या मुलांना द्यायच्या असतात, हे ओट्यावर सगळ्यांना माहीत. पण तो प्रवेश नेमका कसा होतो, हे नीताताई सोडून कोणालाच धड माहीत नव्हतं. अर्ज ऑनलाइन भरायचा. जन्माचा दाखला, राहण्याचा पुरावा, आवकनो दाखलो म्हणजे उत्पन्नाचा दाखला, सगळे कागद स्कॅन करून चढवायचे. मग सोडत. नंबर लागला तर मोबाइलवर मेसेज येतो आणि ठरलेल्या तारखेच्या आत कागद घेऊन शाळेत उभं राहावं लागतं. तारीख गेली की जागा गेली.

"अर्ज भरला त्या दिवशी तिचा रिचार्ज संपलेला. दुकानदार भला माणूस, त्याने आपलाच नंबर टाकला. मेसेज त्याला आला. त्याच्याकडे असे शंभर मेसेज. त्याच्या लक्षात आलं तोवर तारीख उलटून गेली होती. आणि दोन आठवड्यांनी तुमच्या स्टेजवर त्याच मुलाला बोलावून बारा वह्या."

कोणी काही बोललं नाही. मी तर बोलणंच शक्य नव्हतं. त्या दुकानात तिला मीच पाठवलं होतं. "तिकडे जा, पन्नास रुपयांत भरून देतो." माझ्या घरी लॅपटॉप आहे, स्कॅनर आहे, आणि मी चार वर्षांपासून रिटायर आहे.

बंडूभाई मात्र लवकर हार मानणारे नव्हेत, आणि त्यांचं म्हणणं फेकून देण्यासारखं कधीच नसतं. "हे बघा, वाईट झालं. पण म्हणून वह्या वाईट ठरत नाहीत. जूनमध्ये वही नसलेलं पोर वर्गात कसं बसतं ते मी पाहिलंय, मी स्वतः तसा बसलोय. दुसरं, पेढीवाला 11 हजार देतो तो फोटो बघून देतो. फोटो बंद केला तर पुढच्या वर्षी तो नवरात्रीच्या मांडवात देईल. तिसरं, कागदांच्या कामाला रोज बसणार कोण? वह्या मी एका दिवसात वाटतो. टेबल टाकून बसायला सांगा, आठव्या दिवशी टेबल असेल, माणूस नसेल."

"त्यासाठी ॲप करता येईल," केतन म्हणाला. केतन आमच्यातला तरुण. त्याला कुठल्याही दुखण्यावर ॲप सुचतं. नीताताईंनी त्याच्याकडे फक्त पाहिलं. "रिचार्ज संपला होता, केतन."

तो गप्प झाला. पण मग त्याने जे विचारलं ते खरं मुद्द्याचं होतं. "बारा वह्या सगळ्यांना सारख्याच का? बंडूकाका, तुमच्या नातवालाही बारा, त्याच्या शाळेत तर वह्या शाळेतूनच घ्याव्या लागतात."

"भेदभाव नको म्हणून. सगळ्यांना समान."

"समान म्हणजे न्याय नव्हे हो," मास्तर पहिल्यांदाच बोलले. मास्तर इतिहास शिकवायचे. त्यांना बोलतं करायचं तर वाक्यात एखादा शब्द चुकीचा वापरावा लागतो. "आता आरटीईचंच घ्या. गुजरातेत 2025 मध्ये उत्पन्नाची मर्यादा शहरासाठी दीड लाखावरून सहा लाख केली. चांगलंच केलं, चाळीस हजार पगाराच्या माणसाला कुठली फी परवडते? पण आता रांगेत कोण उभं? ही बेन आणि माझा भाचा. भाच्याच्या घरी वायफाय, सीए ओळखीचा, फॉर्म पहिल्या दिवशी पहाटे भरून तयार. दार दोघांना सारखंच उघडं. पोचणार कोण ते सांगा."

बंडूभाईंना आता कोपऱ्यात घेतल्यासारखं वाटू लागलं, आणि कोपऱ्यातला बडोदेकर सयाजीरावांना हाक मारतो. "मास्तर, अहो बडोद्याला समता कोणी शिकवायची? 1893 मध्ये अमरेलीत सक्तीचं मोफत शिक्षण. 1906 मध्ये सगळ्या संस्थानात. इंग्रजांच्या मुलखात तेव्हा पत्ताही नव्हता. बाबासाहेबांना 1913 मध्ये अमेरिकेला पाठवलं ते कोणी? आपल्याच महाराजांनी."

"पाठवलं," मास्तर म्हणाले. "महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं. आणि 1917 मध्ये ते परत आले, तेव्हा काय झालं?"

हे सगळ्यांना माहीत आहे, तरी सांगतो, कारण मास्तरांनी ते ओट्यावर बोट ठेवून सांगितलं. करारानुसार संस्थानाच्या नोकरीवर रुजू व्हायला आंबेडकर बडोद्याला आले. नोकरी होती, राहायला खोली नव्हती. हॉटेलात कोणी घेणार नव्हतं. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं जिन्यावर. दोन मित्रांकडे आसरा मागितला, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही आपापल्या घरची अडचण सांगितली. मग कमाठीबागेत संध्याकाळपर्यंत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला गेले. बागेतली ती जागा, त्यांनी तिथे केलेल्या संकल्पावरून, आता संकल्पभूमी आहे, त्या दिवसाच्या आठवणीत दर 23 सप्टेंबरला तिथे गर्दी असते.

"खजिन्यातून पौंड निघाले, बंडूभाई. गावातून एक खोली निघाली नाही," मास्तर म्हणाले. "धर्मशाळा पारशांची होती म्हणून आपण सुटत नाही. आपल्या आळीत कोणी विचारलं असतं तर आपल्या पणजोबांनी दिली असती का?"

माझे पणजोबा तेव्हा याच आळीत राहत होते. दोन खोल्या रिकाम्या असायच्या, असं आजी सांगायची. मी ते तिथे बोललो नाही, इथे लिहितो.

मध्ये सेव-उसळीची एक फेरी झाली. वादात उसळ आली की आवाज खाली येतात, बडोद्यातला हा जुना अनुभव आहे. तर्री जास्त झाली म्हणून केतनचं नाक गळायला लागलं.

"बरं, चालो," बंडूभाई पाव बुडवत म्हणाले. "टेबल टाकू. मार्चपासून आरटीईचे फॉर्म, मग रेशनकार्डाचं ई-केवायसी, मग जे येईल ते. नीताताई सांगतील तसं. वह्या निम्म्या करू."

मला वाटलं, झालं. नीताताईंनी डोकं हलवलं. "मी कशाला सांगू? मला जे दिसतं ते अंगणवाडीतून. बालशक्तीची, म्हणजे मुलांच्या पोषण आहाराची, पाकिटं वाटताना आया दोन मिनिटं बोलतात, तेवढंच. त्या बेनला विचारा. तिला कमिटीत घ्या."

आता खरी शांतता पसरली.

"कमिटीत यायला आधी सभासद असावं लागतं," बंडूभाई सावकाश म्हणाले. "सभासद तो, ज्याची वर्गणीची पावती आहे. मंडळाच्या घटनेतच आहे तसं."

"मग तिची पावती का नाही?"

"तिच्याकडून कसली वर्गणी घ्यायची? गरीब बाई. आम्ही कधी मागितलीच नाही." हे ते खरोखर मायेने म्हणाले.

मास्तर हसले. "वा. रावपुऱ्यातल्या दुकानांत जाता, पेढ्यांवर जाता, गल्लीबाहेरच्यांच्या पावत्या फाडता. जी बाई रोज गल्लीत येते, जिची पोरं मिरवणुकीत नाचतात, तिला दया करून सोडता. म्हणजे दयेनेच बाहेर ठेवता."

मला सेवा आठवली. इथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या अहमदाबादेत इला भट्टांनी 1972 मध्ये बायकांची ही संघटना नोंदवायला नेली, तेव्हा सरकारी निबंधकाचा प्रश्न होता: या बायकांना मालकच नाही, मग युनियन कुणाविरुद्ध? दोन वर्षांनी त्यांनी स्वतःची सहकारी बँक काढली. 4,000 बायकांनी प्रत्येकी 10 रुपये भागभांडवल घातलं. भाजी विकणाऱ्या, गाडा ओढणाऱ्या, चिंध्या वेचणाऱ्या बायका. बहुतेकींना सही येत नव्हती, म्हणून हातात खातेक्रमांकाची पाटी धरलेला फोटो हीच ओळख. त्यांना तेव्हा दहा रुपये माफ केले असते तर त्या मालक झाल्या नसत्या, गिऱ्हाईक झाल्या असत्या. हे मी ओट्यावर बोललो. जरा जास्तच जोरात बोललो असेन, कारण मला माझं ते पन्नास रुपयांचं दुकान विसरायचं होतं.

"त्यांचाही फोटो होताच की," बंडूभाई पुटपुटले.

"होता. पासबुकात. बॅनरवर नव्हता," नीताताई म्हणाल्या आणि हाका मारायला उभ्याच राहिल्या, कारण समोरून बेन चालली होती. शेवटचं घर उरकून, पदर खोचलेला, हातात कोणीतरी दिलेल्या भाजीची पिशवी.

पुढची पाच मिनिटं अवघड गेली. आम्ही पाच जण बसलेले, ती उभी. केतनने उठून जागा दिली. ती बसली नाही. बंडूभाईंनी घसा साफ केला आणि गुजरातीत विचारलं की मंडळाची वर्गणी भराल का. तिने आधी नीताताईंकडे पाहिलं, मग बंडूभाईंकडे. केटला? किती? बंडूभाई म्हणाले, मनात येईल ते. तिला ते आवडलं नाही. "बाकीचे किती देतात?"

"घरटी 251. सभासदाची कमीत कमी 51."

तिने पिशवी ओट्यावर ठेवली, ब्लाउजमधून लहान पाकीट काढलं, पन्नासची नोट आणि एक रुपया मोजून दिला. बंडूभाईंनी पावतीपुस्तक उघडलं आणि त्यांचं पेन अडलं. दहा-बारा वर्षं जिला बेन म्हणतोय तिचं पूर्ण नाव आमच्यापैकी एकालाही येत नव्हतं. तिने सांगितलं, आडनावासकट. त्यांनी लिहिलं, मग पुस्तक तिच्यासमोर धरून स्पेलिंग बरोबर आहे ने, असं विचारलं. ते नाव मी इथे लिहीत नाही, एकदा बॅनर झालाय तेवढा पुरे.

"कमिटीची मिटिंग पहिल्या रविवारी," बंडूभाई आता उत्साहात होते. "रात्री नवाला. जेवणं उरकून सगळे निवांत असतात."

"नव वागे तो हुं वासण घसती होउं," ती म्हणाली.

"जेवणं तुमची उरकतात," नीताताईंनी आमच्यासाठी खुलासा केला, जो लागत नव्हता. "भांडी तेव्हाच पडतात."

मग वेळेवरून जुंपली. इतर दिवशी सहापर्यंत केतन ऑफिसातून येत नाही. रविवारी सकाळी मास्तरांचं भजनमंडळ. रविवारी संध्याकाळी सगळ्या घरांतून पाहुणे, तेव्हा तिला दुप्पट काम. उरली दुपार, साधारण तीनची, दोन घरांच्या मधला तिचा तासभर.

"तीनला?" बंडूभाई म्हणाले. पस्तीस वर्षं त्यांनी दीड ते चारची झोप चुकवलेली नाही, पूर आला तेव्हाही नाही. ते वही मिटून बराच वेळ बसून राहिले. बेनने पावती दोनदा दुमडून पाकिटात ठेवली, पिशवी उचलली आणि म्हणाली, नक्की झालं की फोन करा. मग थांबून केतनच्या मोबाइलमध्ये स्वतःचा नंबर घातला, आणि तो बरोबर लागतो की नाही ते एक मिस कॉल करवून पाहिलं.