लैंगिक छळाची तक्रार म्हणजे निकाल नव्हे

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याबद्दल एक मजकूर समाजमाध्यमांवर पुन्हा पुन्हा फिरतो. बाईने नुसती तक्रार केली की पुरुषाची नोकरी जाते, तक्रार खोटी निघाली तरी तिला कोणी विचारत नाही, खरेच काही घडले असते तर ती त्याच दिवशी बोलली असती आणि छोट्या आस्थापनांना हा कायदा लागूच नाही, असे त्यात ठामपणे म्हटलेले असते.

यातील पहिले विधान कायद्यातील कार्यपद्धती वाचताच कोसळते. लेखी तक्रारीची प्रत ज्याच्यावर आरोप आहे त्याला कामकाजाच्या ७ दिवसांत द्यावी लागते, उत्तर आणि साक्षीदारांची नावे देण्यासाठी त्याला कामकाजाचे आणखी १० दिवस मिळतात आणि अशा तक्रारींच्या चौकशीसाठी मालकाने नेमलेल्या अंतर्गत समितीने दोन्ही बाजू ऐकून ९० दिवसांत चौकशी संपवायची असते. आरोप सिद्ध झाला नाही, तर कारवाईची गरज नाही असे समितीनेच मालकाला कळवायचे असते.

खोट्या तक्रारीसाठी कलम १४ आहेच. हेतुपुरस्सर खोटी तक्रार केल्याचे चौकशीत सिद्ध झाल्यास तक्रारदार स्त्रीवर कारवाई होऊ शकते. मात्र केवळ पुरावा अपुरा पडला म्हणून तिला शिक्षा करता येत नाही. बंद खोलीत घडलेल्या प्रसंगाला साक्षीदार कोठून आणायचा? सिद्ध न होणे आणि खोटे असणे यांतील हा फरक माझ्या मते या कायद्याचा कणा आहे आणि नेमका तोच या मजकुरात पुसला जातो.

उशिराचा आक्षेप मला सर्वांत क्रूर वाटतो. ज्याच्या सहीवर पगारवाढ, रजा आणि बढती अवलंबून आहे, त्याच्याविरुद्ध त्याच दिवशी लिहून देणे किती जणींना शक्य आहे? कायद्याने हे ओळखून शेवटच्या घटनेपासून ३ महिन्यांची मुदत दिली आहे आणि सबळ कारण असल्यास ती आणखी ३ महिने वाढवता येते. चौकशी चालू असताना आरोप असलेल्या वरिष्ठाने तक्रारदार स्त्रीच्या कामाचा गोपनीय अहवाल लिहू नये, अशी शिफारसही तिच्या लेखी विनंतीवरून समिती करू शकते.

राहिला छोट्या आस्थापनांचा मुद्दा. कर्मचारी दहापेक्षा कमी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. घरकाम करणाऱ्या स्त्रीच्या तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य दिसल्यास या समितीने ती ७ दिवसांत पोलिसांकडे पाठवायची असते.